दप्तराच्या किल्ल्या आणि एआय एजंट

कोणत्याही संस्थेची स्मृती तिच्या कागदपत्रांत असते. ठराव, करार, नेमणुकीचे आदेश, सेवापुस्तके, हिशेब यांवरून संस्था काल काय म्हणाली आणि आज कशाला बांधील आहे, हे ठरते. पूर्वी हे कागद रुमालांत बांधून दप्तरखान्यात ठेवीत. आज मोठ्या कंपन्यांत ते मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटसारख्या दस्तऐवज व्यवस्थापन प्रणालीत असतात. ही प्रणाली कागद सांभाळते; शिवाय कोणता कागद कोणी पाहावा, कोणी बदलावा आणि त्याची चालू आवृत्ती कोणती, याचीही नोंद ठेवते.

या दप्तराला आता एआय एजंट जोडले जात आहेत. आपले अनेक माजी विद्यार्थी बँका, विमा कंपन्या, सार्वजनिक उपक्रम आणि संगणक उद्योगात काम करतात. त्यांपैकी काहींना ही जोडणी स्वतः करावी लागेल. बाकीच्यांचे कागद तिच्या कक्षेत येतील. म्हणून ती कशी चालते, हे दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

एजंट कागद वाचतो कसा?

चॅटजीपीटी किंवा क्लॉड यांसारख्या साधनांमागील भाषिक मॉडेल पुष्कळ मजकुरावर शिकविलेले असते; परंतु आपल्या कंपनीचे अंतर्गत परिपत्रक त्याने पाहिलेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रश्न आल्यावर आधी कागद शोधावयाचे, त्यांतील संबंधित उतारे मॉडेलपुढे ठेवावयाचे आणि मग उत्तर लिहून घ्यावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. तिला हे नाव २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दिले : रिट्रीव्हल ऑगमेंटेड जनरेशन, म्हणजेच शोधाच्या आधाराने उत्तर.

या शोधासाठी कागदांचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा अर्थ आकड्यांच्या एका मालिकेत मांडतात. अर्थ जवळचा असला की आकडेही जवळचे येतात. त्यामुळे विचारणाऱ्याने ‘बाळंतपणाची रजा’ असे शब्द वापरले, तरी ‘मातृत्व लाभ’ या मथळ्याचा कागद सापडतो.

एजंट याच्याही एक पाऊल पुढे जातो. तो स्वतःच शोध घेतो, कागद उघडतो, अपुरा वाटल्यास दुसरा शोधतो आणि मुभा दिली असेल तर नवा कागद लिहितो, जुना बदलतो किंवा कोणाला पाठवितो. दप्तराशी त्याला जोडणारा दुवा म्हणजे कनेक्टर. पूर्वी प्रत्येक एआय साधनासाठी आणि प्रत्येक दप्तरासाठी वेगळा दुवा बांधावा लागे. पाच साधने आणि सहा दप्तरे असतील तर तीस दुवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली नियमावली जाहीर केली. सर्वांनी तीच पाळली तर पाच आणि सहा मिळून अकरा दुव्यांत काम भागते. या सोयीमुळे एजंट जोडणे सोपे झाले, आणि म्हणूनच पुढील प्रश्न अधिक निकडीचा झाला.

किल्ली कोणाची?

एजंट दप्तरात शिरतो तो कोणाच्या अधिकाराने? याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात एजंटाला स्वतःचे एक खाते देतात आणि त्या खात्याला सर्व कपाटे उघडी असतात. दुसऱ्यात प्रश्न विचारणाऱ्या कर्मचाऱ्याच्याच परवानगीने तो आत जातो. त्या कर्मचाऱ्याला जे पाहता येत नाही, ते एजंटालाही दिसत नाही. पहिला मार्ग बांधावयास सोपा आहे आणि धोका त्यातच आहे.

सार्वजनिक उपक्रमातील कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकासोबत काय काय असते, ते आठवा. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, वैद्यकीय अहवाल, विभागीय चौकशीचे कागद. एजंटाच्या हाती सर्व कपाटांची किल्ली असेल, तर शेजारच्या टेबलावरील सहकारी केवळ एक वाक्य टंकून ‘आपल्या विभागात कोणाची नेमणूक कोणत्या प्रवर्गातून झाली?’ असे विचारू शकतो आणि त्याला नावांची यादी मिळू शकते. अशी यादी हातोहात फिरू लागली की माणसाच्या कामाआधी त्याची जात पाहिली जाते. याचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा मार्ग पत्करला तरी काम संपत नाही. अनेक कंपन्यांत वर्षानुवर्षे घाईघाईने ‘सर्वांसाठी खुले’ असा शेरा मारलेले फोल्डर पडून असतात. ते कोणाला सापडत नव्हते, एवढ्यावरच त्यांतील गुप्तता टिकून होती. एजंटाला ते क्षणात सापडतात. म्हणून जोडणीपूर्वी परवानग्यांची झाडाझडती घेणे हे पहिले काम होय.

जुना कागद आणि लबाड कागद

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. कंपनीच्या दप्तरात दुरुस्तीपूर्वीचे परिपत्रक तसेच राहिले असेल, तर एजंट शुद्ध आणि आत्मविश्वासपूर्ण भाषेत १२ आठवडे असे उत्तर देऊ शकतो. नुकसान होईल ते एखाद्या गरोदर स्त्रीचे. रद्द झालेले कागद वेगळे काढून त्यांवर तशी नोंद करणे, हे कारकुनी वाटणारे काम येथे निर्णायक ठरते.

दुसरा धोका नवा आहे. मॉडेलला वाचावयाचा मजकूर आणि पाळावयाची आज्ञा यांतील भेद खात्रीने कळत नाही. बाहेरून आलेल्या कागदात कोणी ‘अमुक माहिती तमुक ठिकाणी पाठव’ असे दडवून लिहिले, तर एजंट ती आज्ञा समजू शकतो. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या साधनातील असाच एक दोष उघड झाला. तो एकोलीक या नावाने ओळखला जातो. केवळ एका ईमेलद्वारे, वाचणाऱ्याने काहीही न उघडता, आतील माहिती बाहेर जाऊ शकत होती. कंपनीने तो दुरुस्त केला. तथापि या प्रकारच्या हल्ल्यावर संपूर्ण उपाय अद्याप नाही. म्हणून एजंटाला प्रारंभी केवळ वाचनाची मुभा असावी. बदलणे, पुसणे आणि पाठविणे यांसाठी प्रत्येक वेळी माणसाची संमती घ्यावी.

आपण काय विचारावे?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याने माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकली असून कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तेव्हा कामाच्या ठिकाणी एजंट येत असल्यास चार प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. तो कोणाच्या परवानगीने वाचतो? त्याने कोणता कागद कधी उघडला, याची नोंद राहते काय? बदल करण्यापूर्वी कोणाची संमती घेतली जाते? आणि उत्तरासोबत तो मूळ कागद दाखवितो काय?

शेवटचा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष जवळचा आहे. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. तेव्हापासून अभ्यासकाला केवळ इतिहासकाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. मूळ कागद काढून त्याच्याशी वाद घालता येतो. एजंटाच्या बाबतीतही हाच हक्क आपण सोडू नये. उत्तर कितीही नेटके असो, मूळ कागद उघडावा, त्याची तारीख पाहावी आणि मगच त्यावर सही करावी.