उन्हावर जगणारा वाढपी



सूर्याचा उपयोग कसा करून घ्यावा, हे वसईकरांना बाहेरच्याने येऊन शिकवावे असे नाही. राजेळी केळ्याची सुकेळी आपण उन्हातच करतो, किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळवतो आणि मिठागरांत समुद्राचे पाणी आटवून मीठ काढतो. या तिन्ही धंद्यांचे सूत्र एकच आहे. चार महिने ऊन नाहीसे व्हावयाचे आहे, तेव्हा त्याची पुंजी आधी करून ठेवावी. आज मी जी युक्ती सांगणार आहे, तिचे सूत्रही याहून निराळे नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी खणात एक जुना स्मार्टफोन पडलेला असेल. काचेला तडा गेला म्हणून, किंवा केवळ नवा आला म्हणून तो निवृत्त झाला. जगात २०२२ साली सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. आपल्या खणातला फोन याच वाटेवरचा प्रवासी होय. त्याला आपण घरीच नोकरी देऊ शकतो. ही नोकरी वेब सर्व्हरची.

सर्व्हर या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. पंगतीतला वाढपी आठवावा. पान मांडून कोणी हाक मारली की तो येतो, मागितलेला पदार्थ वाढतो आणि पुढच्या हाकेची वाट पाहत उभा राहतो. सर्व्हरही हेच करतो. तो जेवणाऐवजी मजकूर आणि चित्रे वाढतो, इतकेच. या वाढप्याला दोनच गुण लागतात. त्याने सदैव जागे असले पाहिजे आणि त्याचा पत्ता लोकांस ठाऊक असला पाहिजे.

जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९० साली चालू केला. त्या यंत्रावर, हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशा अर्थाची चिठ्ठी हाताने लिहून चिकटवली होती. त्या यंत्राचा वेग २५ मेगाहर्ट्झ होता. आपल्या टाकून दिलेल्या फोनचा वेग हजार मेगाहर्ट्झच्या पुढे असतो! तेव्हा कुवतीचा प्रश्न उरतच नाही. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात आणि एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात जुन्या फोनांचे समूह जोडून त्यांच्याकडून संगणकाची कामे करून घेण्याचे प्रयोग झालेले आहेत.

आता कृती पाहू. प्रथम फोनमधले सर्व खाजगी काढून टाकावे. बँकेचे ॲप, छायाचित्रे, जुनी खाती, काहीच ठेवू नये. जुन्या फोनला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा मिळणे थांबलेले असते, म्हणून ज्याची चोरी झाली तर रडावे लागेल असे त्यात काही नसावे. मग टर्मक्स नावाचा मोफत प्रोग्राम घ्यावा. तो अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचे छोटे बिऱ्हाड थाटून देतो. त्या बिऱ्हाडात एनजिनएक्स किंवा लाइटटीपीडी हा वाढपी नेमावा. अँड्रॉइडला मात्र वीज वाचवण्यासाठी पडद्याआडचे प्रोग्राम झोपवण्याची खोड आहे. टर्मक्सला त्यातून सूट द्यावी. पाने साधी, आधीच लिहून ठेवलेली असावीत आणि चित्रे लहान करून घ्यावीत. ज्या स्वयंपाकघरात सारे तयार आहे, तिथे वाढप्याची दमछाक होत नाही.

आता विजेचा हिशेब. पडदा बंद ठेवलेला फोन या कामाला सुमारे २ वॅट घेतो असे धरू. चोवीस तासांचे ४८ वॅट-तास झाले. फोनची स्वतःची बॅटरी नवी असताना सुमारे १५ वॅट-तासांची. जुनी झाल्यावर दहाच धरा. म्हणजे तिच्यावर रात्रही निघत नाही. म्हणून जोडीला १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी घ्यावी. तिच्यात ८४ वॅट-तास मावतात, पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. दोन्ही बॅटऱ्या मिळून जेमतेम एक अहोरात्र निभावेल.

आणि पॅनेल? उन्हाळ्यात दिवसाला पाच तासांचे भरघोस ऊन धरले, तर २० वॅटचे पॅनेल १०० वॅट-तास देते. गळती वजा जाता ७० उरतात. ते पुरेसे आहेत. परंतु आषाढात दोनच तास धरावे लागतात आणि हातात २८ पडतात. ४० वॅटचे पॅनेल घेतले तर तेव्हाही ५६ मिळतील, आणि तरीही सलग तीन-चार अंधारे दिवस आले की वाढपी झोपी जाईल. यात लाज नाही. बार्सिलोनातल्या लो-टेक मॅगझिनने २०१८ पासून बाल्कनीतल्या ५० वॅटच्या पॅनेलवर आपला सर्व्हर चालवला आणि आभाळ भरून आले तर पान दिसणार नाही, असे वाचकांना सरळ सांगितले.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे १९ अंश कलते ठेवावे, कारण आपला अक्षांश तेवढाच आहे. पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये नियंत्रक आणि फ्यूज हवाच. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने तारांचे सांधे गंजतात, ते अधूनमधून पुसावेत. फोन मात्र सावलीत, वारा लागेल असा ठेवावा. त्याची पाठ फुगलेली दिसली तर तो फोन वापरूच नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

राहता राहिला पत्ता. मोबाइल कंपन्या पुष्कळदा अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात, त्यामुळे बाहेरची हाक आपल्या दारापर्यंत पोचत नाही. अशा वेळी फोनने स्वतःच बाहेरच्या एखाद्या सेवेशी बोगदा खणून तिथून हाका घ्याव्या लागतात. शिवाय घरातला राउटर फोनच्या तिप्पट-चौपट वीज खातो, हे हिशेबात धरावे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? २०१८ चा जुलै आठवा. वसई-विरार जलमय झाले, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या आणि अनेक भागांत वीज बंद झाली. अशा वेळी हा फोन जगाशी बोलू शकला नाही, तरी आपले हॉटस्पॉट चालू करून जिन्यातल्या आणि शेजारच्या माणसांशी बोलू शकतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. कोणत्या मजल्यावर म्हातारे माणूस एकटे आहे, पिण्याचे पाणी कोणाकडे आहे, डॉक्टर कुठल्या घरात राहतात, ही माहिती त्यांच्या संमतीने आधी लिहून ठेवली असेल, तर अंधारातही ती वाचता येईल.

दुसरे कारण स्मृतीचे आहे. ऑर्कुटवर आपल्या मुलांनी किती गप्पा लिहिल्या! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते दुकान मिटले. परक्याच्या जागेत ठेवलेल्या सामानाचे असे होते. आपली कादोडी आणि वाडवळी बोली, आजीच्या तोंडची गाणी, बुजत चाललेल्या बावखलांची नावे आणि जागा, हे सारे आपल्या घरच्या यंत्रात असावे आणि त्याची एक प्रत शेजाऱ्याकडेही असावी. कारण फोन उद्या बिघडेल, हे निश्चित आहे.

बावखल आपण पावसाळ्यात भरतो ते उन्हाळ्यासाठी, आणि सुकेळी उन्हाळ्यात करतो ती पावसाळ्यासाठी. जे आज आहे ते उद्यासाठी साठवावे, ही शहाणीव वाडवडिलांनी आपल्याला दिलेलीच आहे. घरी गेल्यावर तो खण एकदा उघडून पाहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.