ज्यूकबॉक्स अडतो तो जुन्या वंगणामुळे

शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९५० मध्ये बाजारात आणलेल्या ‘एम१००बी’ ज्यूकबॉक्समध्ये पन्नास तबकड्या कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या असतात. रुळावरून सरकणारा गाडा हवी ती तबकडी उचलून उभीच वाजवतो. दोन्ही बाजू धरून शंभर गाणी. हा गाडा अडखळू लागला, की मालकाचा हात प्रथम तेलाच्या कुपीकडे जातो. वस्तुतः यंत्र कोरडे पडलेले नसते. वर्षानुवर्षांचे वंगण लाखेसारखे घट्ट झालेले असते. त्यावरच नवे तेल सोडल्यास यंत्र चार दिवस चालते, मग धूळ धरून पुन्हा रुतते आणि ताण सोसणाऱ्या मोटारीचे वेटोळे जळण्याची भीती राहते.

म्हणून आधी वीज तोडावी. (ध्वनिवर्धकाच्या कपॅसिटरमध्ये त्यानंतरही घातक विद्युतदाब उरतो, तेथे हात घालू नये.) भाग सुटे करून टर्पेंटाइनने जुने वंगण दात्यांच्या फटींतूनही पुरते काढावे. काम कंटाळवाणे खरे. पण फवाऱ्याचा डबा त्याला पर्याय नव्हे. मग बेअरिंगला हलक्या तेलाचा एखादा थेंब, दातेरी चाकांना ग्रीसचा पातळ थर. रबरी भाग, क्लचचे घर्षणपृष्ठ आणि विजेचे संपर्कबिंदू मात्र कोरडेच ठेवावेत. वीज देण्यापूर्वी यंत्र हाताने फिरवून पाहावे. कोठेही अडल्यास पुन्हा उघडावे.