दुकान विकत घेऊन परदेशी : गुंतवणूकदार-व्हिसाचा हिशेब

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काळाने तिचा क्रम उलटा केला. शेतकऱ्याच्या मुलाला नोकरी हवी झाली, आणि ती परदेशात मिळाली तर दुधात साखर! परदेशी जाण्याच्या तीन वाटा सर्वांना ठाऊक आहेत : शिक्षणाची, नोकरीची आणि लग्नाची. अलीकडे एका चौथ्या वाटेची चर्चा कानावर येते. ती भांडवलाची. परक्या देशात एखादा लहानसा धंदा विकत घ्यावा, म्हणजे तेथे राहण्याचा परवाना मिळतो, असे सांगितले जाते.

हा विषय मुंबई-पुण्याचा, वाशिम जिल्ह्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. परंतु तसे नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून गेला. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो पूर्णपणे खुला झाला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या हाती एकरकमी मोबदला आला. पिढ्यान्पिढ्या वर्षाकाठी हिशेब मांडणाऱ्या घरात एकदम रक्कम आली, की तिचे काय करावे हा प्रश्न येतो आणि त्यामागून सल्लागारही येतात. शिवाय या चौथ्या वाटेवर पदवीची अट सहसा नसते. म्हणजे ती नेमकी आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना मोह घालणारी आहे. म्हणून या व्हिसाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे वाटते.

व्हिसा कशाबद्दल मिळतो?

व्हिसा म्हणजे परदेशात शिरण्याचा व ठराविक मुदत राहण्याचा परवाना. गुंतवणूकदार-व्हिसाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात मोठी रक्कम घर, रोखे किंवा एखाद्या प्रकल्पात गुंतवायची असते. स्वतः गल्ल्यावर बसण्याची गरज नसते. दुसऱ्यात धंदा विकत घेऊन किंवा नव्याने उभा करून तो स्वतः चालवायचा असतो. लहान दुकान, उपाहारगृह, लॉज, कपडे धुण्याचे दुकान ही दुसऱ्या प्रकारातली उदाहरणे.

यजमान देश हा परवाना का देतो? त्याला बाहेरचा पैसा हवा असतो आणि त्याच्या लोकांना रोजगार हवा असतो. या दोन गोष्टी मिळेपर्यंतच त्याला पाहुण्याचे कौतुक असते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले, की पुढचे सारे नियम आपोआप समजतात.

आपल्याच बाजारपेठेतील उदाहरण

दुकान टाकून परमुलखात स्थायिक होणे ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्या शतकात मारवाडकडून आणि गुजराथकडून व्यापारी येथे आले. त्यांनी दुकाने मांडली, सावकारी केली, जिनिंग काढले. त्यांचे पणतू आज आपल्याइतकीच अस्सल वऱ्हाडी बोलतात. त्यांना व्हिसा लागला नाही. आज तर भारताच्या नागरिकाला देशात कोठेही राहण्याचे व धंदा करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या १९ व्या कलमानेच दिलेले आहे. धंदा बुडाला तरी त्याला गाव सोडावे लागत नाही. परदेशातील दुकानदाराची गोष्ट येथेच वेगळी होते.

मोटेलवाले गुजराती

लहान धंदा विकत घेऊन परदेशात पाय रोवल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील गुजराती मोटेलवाल्यांचे आहे. मोटेल म्हणजे हमरस्त्यावरचे लहान लॉज. १९७० च्या दशकात अशी पुष्कळ लॉजे स्वस्तात विक्रीला निघाली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले. त्यांतील काही, आणि थेट गुजराथेतून आलेले काही, या धंद्यात शिरले. त्या काळी अमेरिकेत दहा हजार डॉलर गुंतवणाऱ्या आणि त्या धंद्याचा एक वर्षाचा अनुभव असणाऱ्या परदेशी माणसाला एका महत्त्वाच्या कामगार-दाखल्यातून सूट होती. १९७६ मध्ये ही रक्कम चाळीस हजारांवर नेण्यात आली, आणि १९७८ पासून त्या वर्गाचे व्हिसाच शिल्लक राहिले नाहीत. म्हणजे दार काही वर्षे उघडे होते, तेवढ्यात जे आत गेले ते गेले.

या लोकांच्या यशाचे रहस्य निव्वळ भांडवलात नव्हते. नवरा गल्ल्यावर, बायको खोल्या झाडायला, मुले शाळेतून आल्यावर चादरी धुवायला, आणि सर्वांचा संसार गल्ल्यामागच्या खोलीत. मजुरी वाचली तोच नफा. नातेवाइकांनी एकमेकांना हातउसने दिले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचे सभासद आज अमेरिकेतील सुमारे ६० टक्के हॉटेलांचे मालक आहेत, असे ती संघटना सांगते. त्यांचे आजचे वैभव पाहून ‘आपणही घेऊ’ असे म्हणणाऱ्याने त्या चादरीही पाहाव्यात, आणि ते जुने दार आता आहे काय, हेही पाहावे.

आज अमेरिकेची स्थिती

लहान धंदा घेऊन अमेरिकेत राहण्यासाठी आज जो व्हिसा प्रसिद्ध आहे त्याला ‘ई-२’ म्हणतात. त्यात किमान रकमेचा आकडा कायद्याने ठरवलेला नाही. धंद्याच्या मानाने रक्कम भरीव हवी, आणि धंदा केवळ मालकाच्या कुटुंबाचे पोट भरण्यापुरता नसावा, एवढ्या अटी आहेत. ऐकायला हे सोपे आहे. पण ज्या देशांशी अमेरिकेचा तसा व्यापारी करार आहे, त्यांच्याच नागरिकांना हा व्हिसा मिळतो. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका यांच्याशी तो करार आहे, भारताशी नाही. जाहिरातीच्या कागदावर ठळक छापायला हवी ती ओळ हीच, आणि नेमकी तीच तेथे नसते.

यावर एक पळवाट सांगितली जाते. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाचे नागरिकत्व पैसे भरून घ्यावे आणि त्याच्या पासपोर्टवर ई-२ मिळवावा. डिसेंबर २०२२ च्या अमेरिकन कायद्याने ही वाट अरुंद केली. पैशाने नागरिकत्व घेतलेल्या माणसाने अर्जापूर्वी त्या देशात सलग तीन वर्षे वास्तव्य केलेले असावे, अशी अट आली. शिवाय भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, की भारताचे संपते.

उरतो ‘ईबी-५’ व्हिसा. तो १९९० च्या कायद्याने आला आणि त्यात भारतीयांना मज्जाव नाही. मार्च २०२२ च्या सुधारणेनुसार ग्रामीण वा बेकारीग्रस्त भागात ८ लाख डॉलर, अन्यत्र साडेदहा लाख डॉलर गुंतवावे लागतात आणि किमान दहा जणांना पूर्णवेळ रोजगार द्यावा लागतो. चालू धंदा नुसता विकत घेऊन भागत नाही. पहिली दोन वर्षे परवानाही सशर्त असतो. एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्क्यांहून अधिक व्हिसा जात नसल्याने भारतीयांना रांगही लागू शकते.

आठ लाख डॉलर म्हणजे किती, हे आपल्या मापाने पाहू. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरला तर ही रक्कम ७ कोटी २० लाख रुपये होते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने सुमारे साडेतेरा हजार क्विंटल सोयाबीन विकावे लागेल. एकरी आठ क्विंटल उतारा धरला, तर जवळजवळ सतराशे एकरांचे पीक झाले. तेही बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी शून्य धरून! हा व्हिसा कोणासाठी आहे, हे यावरून उघड व्हावे.

इंग्लंड आणि दुबई

इंग्लंडमध्ये दोन लाख पौंड घेऊन धंदा करण्यासाठी येणाऱ्यांचा व्हिसा होता. तो मार्च २०१९ मध्ये नव्या अर्जदारांना बंद झाला. वीस लाख पौंड गुंतवणाऱ्यांचा व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. त्यानंतर आलेल्या संस्थापक-व्हिसाला नवी आणि वाढू शकणारी कल्पना लागते. चालते किराणा दुकान विकत घेणे त्यात बसत नाही.

भारतीयांना त्या मानाने जवळची आणि सोपी वाट दुबईची. याचे उदाहरण वऱ्हाडचेच आहे. ‘मसाला किंग’ म्हणून ओळखले जाणारे श्री. धनंजय दातार यांच्या वडिलांनी १९८४ मध्ये दुबईत एक लहान किराणा दुकान सुरू केले आणि धनंजयराव त्या दुकानात कामाला लागले. सुरुवातीला धंदा तोट्यात गेला, तेव्हा आईने दागिने मोडले, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. पुढे त्याच दुकानातून मोठी साखळी उभी राहिली. गल्ल्यावर स्वतः बसणे आणि तोट्याचे दिवस काढणे, या दोन गोष्टी येथेही मोटेलवाल्यांसारख्याच दिसतात.

त्या काळी तेथे मुख्य बाजारपेठेत कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा स्थानिक भागीदाराचा असावा लागे. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत ही अट गेली आणि परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळू लागली. मात्र धंद्याचा परवाना मुदतीचा असतो, त्यावर मिळणारा व्हिसाही मुदतीचा असतो आणि नागरिकत्व सामान्यतः मिळत नाही. चाळीस वर्षे तेथे राहिलेला माणूसही कागदावर पाहुणाच असतो.

विकत काय घेतो आहोत?

समजा, सर्व अटी जमल्या. तरी ‘दुकान घेतले’ म्हणजे नेमके काय घेतले? काही वेळा फक्त सामान, माल आणि नाव घेतले जाते. काही वेळा संपूर्ण कंपनी घेतली जाते, आणि तिच्याबरोबर जुने कर्ज, थकलेला कर आणि चालू दावेही अंगावर येतात. यास्तव निदान पुढील गोष्टी तपासाव्यात. मागील तीन वर्षांची कर-विवरणपत्रे पाहावीत. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यांवर जाऊ नये. जागा भाड्याची असेल तर करार किती वर्षांचा उरला आहे आणि मूळ मालक तो आपल्या नावे करील काय, हे लेखी घ्यावे. गिऱ्हाईक दुकानाचे आहे की जुन्या दुकानदाराच्या ओळखीचे, हे काही दिवस तेथे उभे राहून पाहावे. आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतील, अशा रीतीने रक्कम त्रयस्थाकडे ठेवण्याचा करार करावा. चांगली बाग विकायला काढणाऱ्याला आपण ‘का विकता?’ असे विचारतो ना? तोच प्रश्न येथेही विचारावा.

पैसा बाहेर नेण्यालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम पाठवता येते. म्हणजे ईबी-५ चे आठ लाख डॉलर एकाच वर्षी पाठवायचे, तर घरातील किमान चार माणसांच्या नावे व्यवहार करावा लागेल. पैसा कोठून आला याचे पुरावेही अमेरिका बारकाईने पाहते. बँकेऐवजी हवालामार्गे पैसा पाठवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तेथेच नमस्कार करावा.

खरी मेख

आतापर्यंतच्या विवेचनाचे सार असे, की धंदा चालवण्याच्या अटीवर मिळालेला व्हिसा माणसाला दिसतो, पण तो बांधलेला असतो दुकानाला. दुकान चालले तर राहता येते. बसले तर भांडवलाबरोबर राहण्याचा हक्कही जाण्याची पाळी येते. एकाच बैलाच्या खांद्यावर दोन गाड्यांचे जू द्यावे तसे हे आहे. ई-२ मध्ये तर मुलगा वा मुलगी एकवीस वर्षांची झाली, की आई-वडिलांच्या व्हिसावर तिला राहता येत नाही. ज्यांच्यासाठी देश सोडला, तीच प्रथम बाहेर पडतात.

आणि परतीचा रस्ता? परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयाला, तसेच परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाला, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही; वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते. तेव्हा जमीन विकून गेलेल्याला तिकडून पैसे कमावून ‘पुन्हा घेऊ’ असे सहजी म्हणता येणार नाही. विकलेला सात-बारा हा परतीच्या तिकिटासारखा नसतो.

याचा अर्थ कोणी जाऊच नये, असा नाही. ज्याने येथे एखादा धंदा स्वतः चालवला आहे, ज्याच्याजवळ जमिनीखेरीज भांडवल आहे आणि ज्याने त्या देशातील परवानाधारक वकिलाचा सल्ला स्वतः फी भरून घेतला आहे, त्याने अवश्य जावे. विक्रीवर दलाली घेणारा एजंट हा वकील नव्हे, एवढे मात्र विसरू नये.

वाचक मित्रहो, आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आपल्यापैकी अनेकांची हीच स्थिती आहे. गावात बँकेचा फॉर्म आला, फेरफाराची नोटीस आली, तरी ‘ही कॉलेजात जाते, हिला दाखवा’ असे म्हणून कागद आपल्याच हाती येतो. उद्या एखाद्या काकांच्या हातात परदेशच्या दुकानाचा इंग्रजी करार असेल आणि तो वाचायलाही आपणच असू. तेव्हा कोणता देश, कोणता व्हिसा, त्या देशाचा भारताशी करार आहे काय आणि दुकान बुडाले तर काय, एवढे चार प्रश्न जरी आपण विचारले, तरी एखाद्या घराची चार एकर जमीन वाचेल. कला शाखेच्या पदवीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना ते एक उत्तर ठरेल.