सतरा नंबरचा फॉर्म भरला, आता इंग्रजीचं पुस्तक कुठलं घ्यायचं?

तायांनो, गेल्या दोन-तीन महिन्यांत ग्रामसंघाच्या सभेला गेले की वसुली आणि हप्त्यांचा विषय संपल्यावर एक प्रश्न हमखास निघतो. आठवीनंतर हायस्कूल लांब पडलं, एसटीची वेळ जमेना, म्हणून मुलगी घरी राहिली. आता ती १७ नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावीचा अभ्यास करतेय. मराठी, इतिहास, विज्ञान वाचून वाचून जमतं, पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की घाम फुटतो. "मॅडम, ग्रामरचं चांगलं पुस्तक सांगा ना, काहीही लागलं तरी घेते." हे "काहीही लागलं तरी" ऐकलं की मला धास्ती वाटते, कारण ते गावात येणारे विक्रेतेही ऐकत असतात.

एका गटात असाच एक जण सेट घेऊन आला होता. चार जाड पुस्तकं, एक पेनड्राइव्ह, किंमत सहा हजार, वर हप्त्याची सोय. ताईंनी अंतर्गत कर्जाची मागणी केली. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं याचा आनंदच आहे. पण महिन्याला शेकडा दोन व्याज धरलं तर सहा हजारावर पहिल्याच महिन्याला १२० रुपये जातात. आणि पुस्तकं उघडून बघितली तर सगळी इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी लिहिलेली. नियमसुद्धा इंग्रजीतच. जिला इंग्रजी येत नाही तिला इंग्रजीतून इंग्रजीचे नियम वाचायला लावायचे!

म्हणून ग्रामरच्या आधी पाठ्यपुस्तक नीट बघा. दहावीला इंग्रजीची दोन वेगळी पुस्तकं असतात. 'इंग्लिश कुमारभारती' हे इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलींचं पुस्तक 'माय इंग्लिश कोर्सबुक'. दुकानदाराला नुसतं "दहावीचं इंग्रजी द्या" म्हटलं तर चुकून दुसरंच हातात पडतं, आणि वर्षभर मुलगी तेच घेऊन बसते. नाव वाचून घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर ही पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात, पण रोजच्या अभ्यासाला छापील पुस्तकच बरं. मोबाइल एकच असतो आणि तो बहुतेक घरात बाप्यांच्या खिशात असतो.

आता पेपर कसा असतो ते बघू, कारण यातच खरी मेख आहे. लेखी पेपर ८० गुणांचा, वीस गुण तोंडी आणि अंतर्गत. त्या ८० पैकी थेट भाषेच्या प्रश्नाला १० गुण. त्यातही शब्द अकारविल्हे लावा, विरामचिन्हं द्या, एका मोठ्या शब्दातल्या अक्षरांपासून छोटे शब्द करा, शब्दसाखळी पुरी करा, असलं बरंच काही. बाकीचे गुण कशाला? पुस्तकातले उतारे २०, कविता १०, न वाचलेला उतारा १५, लेखन २० आणि इंग्रजीतून मराठी भाषांतर ५. उताऱ्यांखालीही ग्रामरचे एक-दोन प्रश्न असतात. तरीही हिशेब करा, बहुतेक गुण वाचून समजण्याला आणि चार वाक्यं धड लिहिण्याला आहेत. चारशे पानांचं ग्रामर पाठ करून त्यातला फार थोडा भाग मिळतो. ग्रामर लागतंच, पण वाक्य लिहिता यावं एवढ्यासाठी.

मग कुठलं ग्रामर लागतं? जिथे आपली मराठी आणि इंग्रजी वेगळ्या वाटेने जातात तेवढं आधी. आपण म्हणतो "मी शाळेत जाते", क्रियापद शेवटी. इंग्रजीत "आय गो टू स्कूल", क्रिया लगेच करणाऱ्याच्या मागोमाग. आपलं "त" शाळेला मागून चिकटतं, त्यांचं "टू" शाळेच्या पुढे येतं. मराठीत तो जातो, ती जाते. इंग्रजीत दोघांनाही "गोज", बाई-पुरुष भेद नाही. आपण "तिने भाकरी खाल्ली, तिने आंबा खाल्ला, तिने आंबे खाल्ले" असं खाण्याच्या वस्तूप्रमाणे क्रियापद फिरवतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी "एट". इथे इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे, हे मुलींना सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

अवघड जातं ते प्रश्नार्थक वाक्य. "तू चहा पितेस का?" यातला "का" आपण शेवटी टाकतो. इंग्रजीत ते काम सुरुवातीचं "डू" करतं: "डू यू ड्रिंक टी?" आणि "ती चहा पिते का?" असेल तर "डज शी ड्रिंक टी?" "शी ड्रिंक्स" मधला "स" तिथून उठून "डज" मध्ये जाऊन बसतो, म्हणून मागे नुसतं "ड्रिंक" उरतं. जवळजवळ सगळ्या मुली "डज शी ड्रिंक्स" लिहितात. शिवाय ए, ॲन, द ही मराठीत नसलेली मंडळी. ती सवयीनेच बसतात.

यावरूनच पुस्तक पारखता येतं. दुकानात पुस्तक हातात घ्या आणि मुलीला प्रश्नार्थक वाक्याचं पान उघडायला सांगा. तिथेच उभं राहून तिने ते वाचावं आणि तुम्हाला मराठीत समजावून सांगावं. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी ती अडखळतेय की नाही हे कळतं. सांगता आलं नाही तर ते पुस्तक कितीही नावाजलेलं असो, आज तिच्या कामाचं नाही. दुसरं, मागे उत्तरं आहेत का ते बघा. घरी शिकणाऱ्या मुलीला तपासायला बाई नसतात, उत्तरं नसतील तर चूक तशीच पक्की होते.

नावाजलेल्या पुस्तकांची विचारणा होते, म्हणून माझं मत सांगते. 'रेन अँड मार्टिन' भक्कम आहे, पण समजावणं सगळं इंग्रजीत आणि फार सविस्तर. आत्ता नको. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तुमच्या सासऱ्यांनी पाहिली असेल. मराठीतून हळूहळू पुढे नेते, भाषांतराचा हात बसतो, मात्र तिची मराठी जुनी आहे आणि आजच्या पेपरशी मेळ नाही. रेमंड मर्फी यांचं लाल मुखपृष्ठाचं, सुरुवातीच्या शिकणाऱ्यांचं पुस्तक मला आवडतं. डाव्या पानावर नियम, उजव्यावर सराव, मागे उत्तरं. पण तेही इंग्रजीतच, दहावीनंतर पुढे शिकायचं असेल तेव्हा घ्या. आत्ता मराठीतून समजावणारं, बारीक, उत्तरं असलेलं एकच पुस्तक पुरे. दोन घेतली की एकही पुरं होत नाही.

शाळा सोडून दोन-तीन वर्षं झाली असतील तर एकदम दहावीला हात घालू नका. जिल्हा परिषद शाळेतून पाचवी, सहावी, सातवीची इंग्रजीची पुस्तकं मागा. प्रत्येकातलं एक पान वाचून घ्या. जिथे पानात पाच-सातपेक्षा जास्त शब्द अडतात, त्याच्या खालच्या इयत्तेपासून सुरुवात. यात कमीपणा काही नाही.

आणि वेळ. सकाळी पाणी, दुपारी शेत, संध्याकाळी चूल, यात मुलीला अभ्यासाला कोण बसू देतं? हे मी तुम्हालाच विचारतेय. रोजचा अर्धा तास ठरवा, त्या वेळात तिला हाक मारायची नाही. अठराच्या आत लग्नाचा विषय काढणाऱ्या पाहुण्यांना "ती दहावी देतेय" हे उत्तर पुरतं, पण पुस्तक उघडं दिसलं तरच. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडला दहावी लागते, हेही त्यांना सांगा.

तीन-चार मुली असतील तर ग्रामसंघाच्या कार्यालयात एकत्र बसवा, एका पुस्तकात काम भागेल. गेल्या वर्षी पास झालेल्या मुलीकडून जुन्या कृतिपत्रिका मागून आणा. सराव त्यांचाच करायचा, त्या फुकट मिळतात.

ज्यांनी अजून फॉर्म भरला नाही त्यांच्यासाठी: मुलगी किमान पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण झालेली हवी. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो. मुदत दरवर्षी मंडळ जाहीर करतं, ती जवळच्या हायस्कूलमध्ये विचारा. दाखला अजून जुन्या शाळेतच पडून असेल तर या आठवड्यात जाऊन घेऊन या.