जबड्याचें दुखणें आणि मनाचा ताण



सकाळीं उठावें तों जबडा जड झालेला, भाकरीचा घांस चावतांना कानापाशीं कळ. दंतवैद्य म्हणतात दांत निरोगी, कानाचे डॉक्टर म्हणतात कान निरोगी. पुण्याच्या पेठांत काय किंवा हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत काय, असे दारोदार हिंडणारे रोगी थोडे नाहींत. त्यांत स्त्रिया अधिक. शेवटीं घरांतलेंच कोणी तरी बोलून जातें, "हे सारे तुझ्या मनाचे खेळ!" हें वाक्य मूळ दुखण्याहून अधिक झोंबतें, आणि तें खरेंहि नाहीं.

तोंड मिटलें म्हणजे दांतावर दांत टेकलेले असावेत, असें आपण समजतों. वस्तुतः विसाव्याच्या वेळीं दोन्ही ओळींत २ ते ४ मिलिमीटर अंतर असतें. काळजी किंवा गिळलेला राग हें अंतर नकळत मिटवितो. मग गालांतील चर्वणस्नायु व कानशिलावरचा स्नायु तासन् तास आवळलेले राहतात, थकतात आणि दुखूं लागतात. झोप उडाली, दुखण्याचें भय बसलें, कीं मज्जासंस्था हळवी होते. साधा स्पर्शहि सोसवत नाहीं. वेदना शरीरांतच आहे. तिला खतपाणी मात्र मनांतून व घरांतून मिळतें. दांतओठ खाणें, तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणें, हे आपले वाक्प्रचारच पाहा ना! ज्या घरांत सुनेला किंवा ज्या कचेरींत कारकुनाला उलट बोलण्याची सोय नाहीं, तेथें न उच्चारलेले शब्द जबडाच धरून ठेवतो, असें मला वाटतें.

१९३४ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथील कर्णवैद्य जेम्स कॉस्टन यांनीं अशा दुखण्याचा दोष गेलेल्या दाढांवर व बिघडलेल्या चाव्यावर ठेवला. पुढें कित्येकांचे निरोगी दांत घासले गेले. १९७६ मध्यें शिकागोच्या लॅस्किन प्रभृतींनीं २५ रोग्यांचे दांत घासल्याचें केवळ सोंग केलें, तों १६ जणांचें दुखणें पूर्ण किंवा जवळ जवळ पूर्ण थांबलें! रोगी ढोंगी होते, असा याचा अर्थ नव्हे. कोणीं तरी आपलें ऐकून घेतलें, उपाय सुरू झाला, या विश्वासानेंच आवळलेले स्नायु सैल पडले असावेत. १९९२ पासून तर या विकाराच्या निदानपद्धतींत शरीराबरोबर मनःस्थिति व दैनंदिन जीवन यांचीहि तपासणी धरलेली आहे.

म्हणून डॉक्टरांनीं झोपेविषयीं, घरच्या ताणाविषयीं विचारलें तर रागावूं नये. ओठ मिटलेले, दांत सुटे, याची दिवसांतून अनेकदां आठवण ठेवावी. गालाला ऊबदार शेक द्यावा. कांहीं दिवस मऊ अन्न घ्यावें. दांत घासून घेण्याची घाई नको, कारण घासलेला दांत पुन्हा भरून येत नाहीं. तोंड उघडेनासें झालें किंवा सूज आली, तर मात्र विलंब न करतां तपासून घ्यावें.