‘कॅलेंडर’ नावाचं जाडजूड पुस्तक
मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्याच्या सुरुवातीच्या काळाचा शोध घ्यायचा, तर आधी विद्यापीठाची वार्षिक ‘कॅलेंडरं’ काढावीत. नावावर जाऊ नका. भिंतीवर टांगायचं हे कॅलेंडर नव्हे. नियम, अभ्यासक्रम, देणग्या, पारितोषिकं, पदवीधरांच्या याद्या, अगदी प्रश्नपत्रिकासुद्धा त्यात छापत. १८६२च्या पहिल्या बी.ए. तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही नावं भेटतात. पण पदवीधरांच्या यादीत येतात ते उत्तीर्ण झालेलेच. नापास झालेल्यांचा, पैशाअभावी मधेच गावी परतलेल्यांचा माग कॉलेजांच्या हजेरीपटांत नि वसतिगृहांच्या नोंदवह्यांत काढावा लागतो, अर्थात त्या वाळवीतून वाचल्या असतील तर. खाणावळीतल्या गप्पांसाठी मात्र आत्मचरित्रंच चाळावीत.