‘विअर्ड’ आणि हिणवला गेलेला संपादक

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या त्या तिघी चेटकिणी मराठी वाचकाला नव्या नाहीत, शिरवाडकरांनी तर हे नाटक ‘राजमुकुट’ म्हणून मराठी रंगभूमीवर आणले. इंग्रजीत त्यांना ‘विअर्ड सिस्टर्स’ म्हणतात. मात्र ‘मॅकबेथ’ पहिल्यांदा छापले गेले त्या १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात, ‘विअर्ड’ हा शब्द एकदाही सापडत नाही. तिथे तीनदा ‘वेवर्ड’ आहे आणि तीनदा ‘वेयर्ड’. ‘वेवर्ड’ म्हणजे हट्टी, स्वैर. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्या तिघी छापील पानांवर हट्टी बायका म्हणूनच वावरल्या.

त्यांचे नाव त्यांना परत मिळवून दिले ते लुइस थिओबाल्ड या वकिलाने. १७२५मध्ये अलेक्झांडर पोपने शेक्सपिअरची आवृत्ती काढली आणि पुढच्याच वर्षी थिओबाल्डने तिच्यातल्या चुका दाखवणारे अख्खे पुस्तक छापले. त्याच्या मुखपृष्ठावरच पोपचे नाव होते! पोप हा त्या काळचा सर्वांत मोठा कवी, आणि रागीटही. १७२८मध्ये त्याने ‘डन्सियड’ हे उपहासकाव्य लिहून थिओबाल्डला मूर्खांच्या राज्याचा नायक केले. थिओबाल्ड कवी म्हणून सामान्यच होता, पण जुने ग्रंथ त्याच्याइतके बारकाईने वाचणारे त्या वेळी फार थोडे होते. त्याला मूर्ख ठरवणे हा धडधडीत अन्याय होता.

१७३३च्या स्वतःच्या आवृत्तीत त्याने ‘वेवर्ड’ काढून ‘विअर्ड’ छापले. नाटकाचे कथानक ज्यातून आले त्या हॉलिनशेडच्या बखरीत हाच शब्द होता आणि तिथे या स्त्रिया नियतीच्या देवता असाव्यात असे म्हटले होते. हा स्कॉटिश शब्द नकलनविसांना कळला नाही म्हणून त्यांनी ओळखीचा शब्द घातला, असे थिओबाल्डचे म्हणणे होते. बखरीच्या १५७७च्या आवृत्तीतल्या चित्रातही त्या तिघी चांगल्या पोशाखातल्या बायका दिसतात. केरसुणीवर बसलेली चेटकीण तिथे नाही.

या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘व्युर्ड’मध्ये आहे. व्युर्ड म्हणजे नियती, जे घडून येते ते. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. राजा आल्फ्रेडच्या नावावर असलेल्या तत्त्वज्ञ बोएथियसच्या ग्रंथाच्या भाषांतरात हीच व्युर्ड ख्रिस्ती देवाच्या योजनेखाली आणून बसवली आहे. ‘होणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून हे नाम झाले आणि त्या क्रियापदाचा धातू संस्कृत ‘वृत्’चा सख्खा नातलग. म्हणजे आपले ‘वर्तमान’, ‘आवर्तन’ आणि ‘परिवर्तन’ याच कुळातले. इंग्लंडमध्ये शब्द मागे पडत गेला, स्कॉटलंडने तो टिकवला. १५१३मध्ये स्कॉटिश कवी गॅविन डग्लसने व्हर्जिलच्या भाषांतरात रोमन नियतीदेवतांना ‘विअर्ड सिस्टर्स’च म्हटले होते.

‘विचित्र’ हा अर्थ मात्र फार उशिराचा. थिओबाल्डने शब्द परत आणला, पण नियतीचा अर्थ विसरलेल्या वाचकांना समोर फक्त दाढीवाल्या, अंगावर काटा आणणाऱ्या बायका दिसल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेलीने ढगांना ‘विअर्ड’ म्हटले, कीट्सनेही विशेषण म्हणून तो वापरला, आणि पुढे तो कशालाही लागू लागला.

१७४३मध्ये पोपने ‘डन्सियड’चा नायक बदलून थिओबाल्डच्या जागी राजकवी कॉली सिबरला बसवले. पुढच्याच वर्षी पोप आणि थिओबाल्ड दोघेही वारले. आज बहुतेक आवृत्त्या थिओबाल्डचाच पाठ छापतात. काही अभ्यासक मात्र फोलिओतल्या ‘वेवर्ड’कडे परत जावे म्हणतात, कारण त्यांच्या मते शेक्सपिअरला हट्टीपणा आणि नियती हे दोन्ही अर्थ एकदमच हवे होते.